कॅल्शियम नॉर्मल, एएलपी ९६४, तरी म्हणे हाडं कच्ची. हे निदान करतात तरी कसं?

गणिताच्या_बाई
मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार. इथे आधी दोनदा विचारलंय (एकदा काढलेलं दूध किती तास टिकतं ते, एकदा डोळ्यांच्या तपासणीबद्दल), त्यामुळे काहींना आमचं पिल्लू माहीत असेल. मुलगी, २७ आठवड्यांची, जन्माचं वजन ८४० ग्रॅम. आज ५७ दिवसांची, वजन १,५१०. आम्ही कराडचे, बाळ पुण्यात एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात). मी शाळेत गणित शिकवते, म्हणून पहिल्या दिवसापासून एक चौकटीची वही केलीय आणि कानावर पडेल तो प्रत्येक आकडा तीत उतरवते. सिस्टर मला हसतात, पण आता त्याच विचारतात, "बाई, परवाचं वजन किती होतं हो?"

काल राऊंडला डॉक्टर म्हणाले, "मेटाबॉलिक बोन डिसीज दिसतोय, पीटीएच पाठवतोय, मग औषध ठरवू." आणि पुढच्या पेटीकडे गेले. त्यांना बोल लावत नाही, तिथे बावीस बाळं आहेत. पण मी रात्रभर त्या तीन शब्दांशीच झटापट करतेय.

वहीतलं जसंच्या तसं (एएलपी म्हणजे अल्कलाइन फॉस्फेटेज, रक्तात मोजतात ते एक एन्झाइम):

२८ वा दिवस: एएलपी ४१२, फॉस्फरस ४.४, कॅल्शियम ९.६
४२ वा दिवस: एएलपी ६८८, फॉस्फरस ३.७, कॅल्शियम ९.९
५६ वा दिवस: एएलपी ९६४, फॉस्फरस ३.१, कॅल्शियम ९.८

पहिले १९ दिवस टीपीएनवर, म्हणजे शिरेतून दिलेल्या पोषणावर होती. मग माझं दूध, चोविसाव्या दिवशी त्यात एचएमएफ पावडर (आईच्या दुधात मिसळतात ती, खनिजं वगैरे वाढवणारी). तिसाव्या दिवशी पोट फुगलं, दूध ४ दिवस बंद. परत सुरू झालं ते साधंच, पावडर पुन्हा पडली ती थेट पन्नासाव्या दिवशी. छातीसाठी दोन आठवडे लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) होतं. कॅफीन अजून चालू. काल छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले बरगड्या "थोड्या फिकट" आहेत, मोडलेलं काही नाही.

माझं डोकं अडलंय ते इथे: हाडांचा आजार, आणि कॅल्शियम तर प्रत्येक वेळी नॉर्मल! मग हाडं कच्ची कशावरून? रिपोर्टवर एएलपीच्या पुढे जाड "एच" छापलाय आणि मर्यादा १३० लिहिलीय, म्हणजे आमचं सातपट. पण मग पहिला ४१२ सुद्धा तिप्पट होता, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आणि हे पीटीएच कशाला?

सासूबाईंचं निदान तयार आहे: "हा मुडदूस. आमच्या वेळी पोरं कोवळ्या उन्हात लोळायची." अळिवाचे लाडू डबा भरून आलेत, दुधात कॅल्शियम यावं म्हणून. मला खरं विचारायचंय ते हे, की माझ्या दुधात काही कमी पडलं का?

---

बाळडॉक्टर_सोलापूर
बुधवार, सकाळी ६:०५

बाई, बाळ मी पाहिलेलं नाही, तेव्हा औषधाचे डोस इथे सांगणार नाही. पण निदान कसं बांधतात ते सांगतो. तुमच्या वहीत निम्मं काम झालेलंच आहे.

आधी कॅल्शियमचं कोडं. घरखर्च महिनाभर बिनबोभाट चाललाय, पण तो पीएफमधून उचल काढून, असं समजा. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून जागेवर ठेवतं, कारण ते घसरलं तर झटके येतील, हृदयाचा ताल बिघडेल. कमी पडायला लागलं की पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच सोडते आणि हाडांतून उचल सुरू होते. तुम्ही बघताय तो घरखर्च, पीएफचं पासबुक नव्हे. कॅल्शियम ९.८ आहे म्हणून हाडं ठीक, असं म्हणणारा रेसिडेंट दर वर्षी एक तरी भेटतोच.

एएलपी म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींचं एन्झाइम. तान्ह्या बाळाच्या रक्तात ते साधारण ९० टक्के हाडातूनच येतं. बाळ वाढतंय, हाड बांधलं जातंय, म्हणून ते चढणारच. १३० ही मर्यादा मोठ्या माणसांची. लॅबच्या सॉफ्टवेअरला ८४० ग्रॅमचं बाळ माहीत नसतं, तो "एच" तुम्ही पेनाने खोडा. कमी दिवसांच्या बाळात ४००-५०० ला आम्ही दचकत नाही, म्हणून ४१२ ला कुणी बोललं नाही.

मग दचकायचं कधी? सगळ्या जगाने मान्य केलेला एक आकडा नाही. अमेरिकन अकादमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१३ मध्ये सांगितलं की दीड किलोच्या आतल्या बाळांच्या तपासण्या ४-५ आठवड्यांपासून सुरू करा, एएलपी ८००-१००० च्या वर गेलं तर एक्स-रे बघा आणि फॉस्फरस सतत ४ च्या खाली असेल तर दुर्लक्ष करू नका. त्याआधी २००० साली बॅकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता: एएलपी ९०० च्या वर आणि फॉस्फरस ५.६ च्या खाली, हे दोन्ही एकत्र धरले तर हाडात खनिज कमी असलेलं एकही बाळ चाळणीतून निसटलं नाही. मात्र हाडं चांगली असलेल्या दहांतल्या तिघांवरही शिक्का बसला. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला याचा अर्थ सांगायला नको.

म्हणून एकटा ९६४ मी निदान मानत नाही. पण तुमचे दोन स्तंभ शेजारी ठेवा. ४१२, ६८८, ९६४ चढतंय आणि त्याच तारखांना ४.४, ३.७, ३.१ उतरतंय. ही कात्री मला कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त पटते. त्यात टीपीएन, पावडरीविना गेलेले दिवस, लघवीतून कॅल्शियम काढणारं लॅसिक्स. कॅफीनही थोडं काढतंच. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मलाही हीच शंका आली असती.

दोन फसव्या गोष्टी मात्र तपासून घ्या. टीपीएननंतर पित्त साचून यकृतातलंही एएलपी चढतं, तेव्हा डायरेक्ट बिलिरुबिन आणि जीजीटी या यकृताच्या तपासण्या बघितल्यात का विचारा. उलट शरीरात जस्त कमी असेल तर एएलपी खोटंच कमी दिसतं.

एक्स-रे उशिराचा साक्षीदार आहे. २० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यावर फिकेपणा दिसत नाही. कू नावाच्या डॉक्टरांनी १९८२ मध्ये पायऱ्या लावल्या होत्या: पहिली नुसता फिकेपणा, दुसरी हाडांची टोकं झालरीसारखी विस्कटलेली, तिसरी मोडलेलं हाड. तुमचं "थोड्या फिकट" म्हणजे फार तर पहिली. यात मात्र डोळ्यांगणिक मत बदलतं.

आता पीटीएच. फॉस्फरस कमी दिसण्याच्या दोन वाटा आहेत. एक, बाळाला फॉस्फरसच कमी मिळतंय. तेव्हा पीटीएच कमी किंवा साधारण असतं आणि मूत्रपिंड फॉस्फरसचा कण कण धरून ठेवतं. दुसरी, मूळ तुटवडा कॅल्शियमचा. त्यामुळे पीटीएच चढलेलं आणि पीटीएचच मूत्रपिंडाला फॉस्फरस सोडायला लावतंय. रक्तात दोन्हीकडे चित्र एकच, फॉस्फरस कमी. उपाय वेगळे. दुसऱ्या वाटेवरच्या बाळाला नुसतं फॉस्फेट पाजलं तर कॅल्शियम आणखी दबतं, पीटीएच आणखी चढतं, हाडं आणखी पोखरतात. "आधी पीटीएच, मग औषध" म्हणणारा डॉक्टर तुम्हाला मिळालाय, त्यावर विश्वास ठेवा.

राहिलं दूध. हे गणित तुमच्याच वहीत मांडा. शेवटच्या तीन महिन्यांत वार बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १००-१२० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरवते. आईच्या दुधात १०० मिलीला असतं जेमतेम २५-३०. किलोमागे १५० मिली दूध दिलं तरी चाळीसच्या आसपास, आणि तेही सगळं आतड्यातून शोषलं जात नाही. फॉस्फरसचं यापेक्षा वाईट, १०० मिलीला १३-१५. जगातल्या कुठल्याही आईचं दूध घ्या, उत्तर हेच. ते नऊ महिने भरलेल्या बाळासाठी बनलंय. तुमचं बाळ तेरा आठवडे आधी आलं आणि हाडं भरायचा हंगामच हुकला. पावडर त्यासाठीच असते. लाडू खुशाल खा, तुमची स्वतःची हाडं आहेत. दुधातलं कॅल्शियम त्याने हलत नाही.

---

रात्रपाळीची_सिस्टर
बुधवार, दुपारी ३:४०

सरांनी आकड्यांचं सांगितलं, मी हातांचं सांगते. चौदा वर्षं एनआयसीयूत काढलीत.

बाई, लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत. आपण घरी सगळे तसंच करतो ना? हाडं कच्ची असलेल्या बाळाला कुशीवर वळवायचं, लंगोट खाली सरकवायचा, परत वळवायचं. काखेत धरून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. छातीतला कफ सुटावा म्हणून पाठ थोपटायची असेल तर आधी विचारायचं. बाळाच्या पेटीवर आम्ही एक कागद चिकटवतो, "हळू हात". तुमच्या पेटीवर नसेल तर मागा, कुणी रागावणार नाही. आमच्याकडे एकदा बरगडीचं फ्रॅक्चर सापडलं ते न्यूमोनियासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये. बाळ रडलं नव्हतं, सूज नव्हती, काही नव्हतं. त्यानंतर एखादं बाळ एक हात हलवत नसेल किंवा कपडे बदलताना प्रत्येक वेळी कळवळत असेल तर मी आधी डॉक्टरांना बोलावते, मग बाकीचं.

दुसरं, रक्ताचं. टाचेतून घेताना पिळून पिळून काढलं की लाल पेशी फुटतात आणि आतलं फॉस्फरस बाहेर पडतं. मग कमी असलेलं फॉस्फरसही छान दिसतं! जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त चुकून दुसऱ्या बाटलीत गेलं तर कॅल्शियम आणि एएलपी दोन्ही खोटं कमी येतं. एखादा आकडा मधेच उडी मारून चांगला आला तर "सॅम्पल हिमोलाइज्ड होतं का?", म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्या होत्या का, एवढं विचारा.

आणि कॅल्शियम, फॉस्फेट वेगवेगळी सुरू झाली तर एकाच दुधात घालायची नाहीत. खाली पांढरा साका बसतो आणि बाळाच्या पोटात काहीच जात नाही. आम्ही एका फीडला हे, पुढच्याला ते.

---

बर्मिंगहॅमची_मावशी
बुधवार, रात्री १०:१५

माझी भाची २०१९ ची, २६ आठवडे, इथेच इंग्लंडमध्ये. एकच सांगते, कारण यावरून मी एक रात्र रडून काढलीय. बहिणीने तिच्या बाळाचं फॉस्फेट सांगितलं १.२, आणि मी भारतातल्या कुणाचं तरी ३.७ वाचलेलं. म्हटलं, आपलं तिपटीने कमी! इथे मिलिमोलमध्ये मोजतात हो, तुमच्याकडे मिलिग्रॅममध्ये. ३.१ ने गुणायचं. १.२ म्हणजे तुमचं ३.७ च. वरती सरांनी लिहिलेलं ५.६ इथल्या कागदावर १.८ असतं. इंटरनेटवर वाचताना आधी एकक बघा.

आमच्याकडे लघवीचीही तपासणी केली होती, टीआरपी म्हणून. टीव्हीवालं नाही.

---

निसर्गोपचार_प्रेमी
गुरुवार, सकाळी ९:३०

एवढ्या तपासण्या कशाला? सकाळचं कोवळं ऊन आणि तिळाच्या तेलाने कसून मालीश. आमच्या तीन पिढ्या अशाच वाढल्या.

---

बाळडॉक्टर_सोलापूर
गुरुवार, सकाळी ९:५२

कसून मालीश? सिस्टरनी बरगडीचं लिहिलंय ते वाचा आधी. दीड किलोचं बाळ पेटीबाहेर उन्हात ठेवलं तर ड जीवनसत्त्व मिळायच्या आधी ते गार पडेल. तुमच्या तीन पिढ्या दिवस भरून आल्या होत्या. सासूबाईंचा "मुडदूस" शब्द मात्र चुकीचा नाही, एक्स-रेवर दुसऱ्या पायरीला दिसतो तो तोच. फरक एवढाच की मोठ्या मुलात बहुतेकदा ड जीवनसत्त्व नसतं, आणि या बाळांत मूळ तुटवडा खनिजांचा, ड नंतर.

बर्मिंगहॅमच्या ताईंनी टीआरपी काढलं ते बरं झालं. मूत्रपिंडाने गाळलेल्या फॉस्फरसपैकी किती टक्के परत घेतलं, तो हा आकडा. एकाच वेळचं रक्त आणि लघवी लागते, दोन्हींत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन. ९५ च्या वर असेल तर मूत्रपिंड फॉस्फरसला चिकटून बसलंय, म्हणजे फॉस्फरसचाच दुष्काळ. फॉस्फरस कमी असूनही टीआरपी कमी असेल तर कुणीतरी, बहुधा चढलेलं पीटीएच, ते लघवीतून वाहवतंय. पीटीएचचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, हे तासाभरात होतं.

---

गणिताच्या_बाई
शुक्रवार, रात्री १२:१०

सर, आज राऊंडला मी टीआरपी म्हटलं आणि डॉक्टर थांबले. खरंच थांबले, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "लघवी सकाळीच पाठवलीय, आकडे देतो, तुम्हीच काढा."

रक्तातलं फॉस्फरस ३.१, क्रिएटिनिन ०.४. लघवीतलं फॉस्फरस २४, क्रिएटिनिन १२.

२४ × ०.४ = ९.६
३.१ × १२ = ३७.२
९.६ ÷ ३७.२ = ०.२५८
१ − ०.२५८ = ०.७४२

म्हणजे ७४ टक्के. तिसऱ्या ओळीला हात थरथरत होता, आठवीच्या पोरांना रोज शिकवते तो भागाकार. शंभरातले सव्वीस वाहून जातायत. तिच्याकडे फॉस्फरस कमी आणि तरी ती ते सोडतेय.

संध्याकाळी पीटीएच आलं, २१४. कागदावर मर्यादा ६५. ड जीवनसत्त्व १६. जीजीटी आणि बिलिरुबिन ठीक. म्हणजे तुम्ही लिहिलेली दुसरी वाट. डॉक्टरांनी लॅसिक्स बंदच ठेवायचं ठरवलंय, आधी कॅल्शियम आणि ड वाढवलंय, पावडर पूर्ण प्रमाणात, आणि फॉस्फेट वेगळं आत्ता नाही. माझंही ड तपासलं, ११ निघालं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बघ, ऊन!" आज त्यांना उलट बोलले नाही.

पेटीवर कागद लावलाय. सिस्टरनी बॉलपेनने दोन हातांचं चित्र काढलंय त्यावर.

---

बाळडॉक्टर_सोलापूर
शुक्रवार, सकाळी ६:२०

गणित बरोबर. एक पुस्ती जोडतो: या वयाचं मूत्रपिंड कच्चं असतं, ते जरा गळकंच असतं, म्हणून एकट्या ७४ वर मी विसंबलो नसतो. पण २१४ च्या शेजारी तो शोभतो. आता पीटीएच आणि फॉस्फरस आधी सुधारतील, एएलपी मागाहून येईल. पुढच्या आठवड्यात ते अजून चढलेलं दिसलं तर घाबरून इथे रात्री बाराला लिहू नका. सकाळी लिहा.

---

गणिताच्या_बाई
पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ७:३०

सकाळी लिहितेय, सर.

७० वा दिवस: एएलपी १,०२०, फॉस्फरस ३.९, पीटीएच ११८
८४ वा दिवस: एएलपी ८३५, फॉस्फरस ४.८, पीटीएच ६१
काल: एएलपी ६१०, फॉस्फरस ५.३

मधे एकदा फॉस्फरस अचानक ६.७ आलं होतं. मी विचारलं, सॅम्पल हिमोलाइज्ड होतं का. होतं. पुन्हा पाठवलं, ४.६. लॅबमधला मुलगा आता मला ओळखतो.

वजन २,२४०. एक्स-रे परत काढला, कुठे मोड नाही. बुधवारी घरी सोडतायत, कॅल्शियम आणि ड चालू ठेवून, दोन आठवड्यांनी रक्त. लंगोट मी कुशीवर वळवूनच बदलते. घरी गेल्यावर सासूबाईंना ते शिकवायचंय, आणि तेलाची बाटली कुठे लपवायची ते अजून ठरलेलं नाही.